वाटी हलेना : एसीएल शस्त्रक्रियेनंतर मांडीचा स्नायू जागा करताना बायोफीडबॅकचा वापर

पार्श्वभूमी

रुग्ण २४ वर्षांचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात घरची सात एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. हिवाळ्यात गावोगावच्या स्पर्धांत कबड्डी खेळणारा चढाईपटू. जानेवारीत चढाईवरून परत फिरताना उजवा पाय मातीत रुतला आणि धड वळले. गुडघ्यात आवाज झाला आणि तासाभरात सूज भरली. पहिले पंधरा दिवस तेल-मालिश आणि गरम शेक यांत गेले. पुढे एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारा आतला स्नायुबंध, पूर्ण तुटल्याचे दिसले. पैशांची जुळवाजुळव होऊन दुर्बिणीची शस्त्रक्रिया जूनच्या अखेरीस झाली. तुटलेल्या बंधाच्या जागी बसवायचा ग्राफ्ट त्याच पायाच्या हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूचा, घेतला होता. मेनिस्कसला (गुडघ्यातल्या कुर्चेच्या गादीला) टाके नव्हते, त्यामुळे पायावर भार देण्यावर वेगळे बंधन नव्हते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

डिस्चार्जच्या कागदावर व्यायामाच्या दोन ओळी होत्या : मांडी आवळणे, सरळ पाय उचलणे. शिवाय लांब नी ब्रेस चार आठवडे. व्यायाम कसा करायचा हे कुणी हात लावून दाखवलेले नव्हते. घरच्यांनी प्रेमापोटी केलेली एक गोष्ट मात्र महागात पडली. रात्रंदिवस गुडघ्याखाली उशी होती. उशीमुळे आराम वाटतो, कारण सुजलेला गुडघा थोडा वाकलेला ठेवला की आतला ताण कमी होतो. त्याच वाकलेल्या जागी तो आखडतो. टेकू द्यायचा तर टाचेखाली द्यावा. गुडघा अधांतरी राहिला पाहिजे.

तालुक्याच्या फिजिओथेरपी केंद्रात तो पाचव्या आठवड्यात, ऑगस्टच्या सुरुवातीला पोहोचला. गाव ३८ किलोमीटर दूर, दिवसाला एसटीच्या दोन फेऱ्या. आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त येणे शक्य नव्हते, आणि पुढचे जवळजवळ सगळे निर्णय या एका मर्यादेत बसवावे लागले.

पहिल्या दिवशीची तपासणी

आधी धोक्याच्या खुणा पाहिल्या. ताप नाही, जखम कोरडी, गुडघा किंचित कोमट पण लाल नाही, पोटरी मऊ आणि दाबल्यावर न दुखणारी. यातले काहीही वेगळे असते तर त्याला थेट शल्यचिकित्सकाकडे पाठवायचे होते.

मग मोजमाप. पालथे झोपवून गुडघ्याच्या वरच्या कडेपासून खालचा पाय पलंगाबाहेर सोडला की दोन टाचांच्या उंचीतला फरक मोजता येतो. ढोबळमानाने १ सेंमी फरक म्हणजे सुमारे १ अंश. इथे फरक ६ सेंमी आला, म्हणजे गुडघा हाताने दाबूनही ६ अंश कमीच सरळ होत होता. उताणे झोपून स्वतः पाय सरळ उचलायला लावला तेव्हा गुडघा आणखी १४ अंश खाली लटकला. हाच लॅग. मांडीचा घेर वाटीच्या वरच्या कडेपासून १० सेंमीवर मोजला, तो डाव्या मांडीपेक्षा ३.५ सेंमीने कमी भरला.

सांध्यातले पाणी हाताने पाहिले. वाटीच्या आतल्या बाजूने हात वर सरकवून पाणी ढकलायचे आणि ते आपसूक परत येते का पाहायचे. हात काढताच पाणी परत आले, म्हणजे २+. बाहेरच्या बाजूने हात फिरवावा लागला असता तर १+. वर ढकलताच येत नसेल तर ३+.

'मांडी आवळा' म्हटल्यावर रुग्ण घामाघूम व्हायचा, श्वास रोखायचा, ढुंगण उचलायचा, टाच गादीत रुतवायचा. वाटी मात्र जागची हलत नव्हती.

'मॅडम, मी तं पुरा जोर लावून रायलो, पण वाटी हालूनच नाई रायली.'

अडचण नेमकी कुठे होती

मांडीच्या पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स, वाळला होता हे खरे. पण वाळलेला स्नायूही आवळता येतो. इथे त्याला आतून लगाम बसला होता. गुडघ्यात पाणी साचले की सांध्याच्या आवरणातले ताण ओळखणारे मज्जातंतू मज्जारज्जूकडे सतत खबर पाठवतात, आणि मज्जारज्जू मांडीच्या पुढच्या स्नायूकडे जाणारा हुकूमच कमी करतो. निरोगी गुडघ्यात सलाइन भरून केलेल्या जुन्या प्रयोगांत २० ते ३० मिली द्रवाने आतल्या बाजूचा व्हास्टस मेडिॲलिस मंदावला. बाहेरच्या व्हास्टस लॅटरॅलिसला आणि मधल्या रेक्टस फिमोरिसला ५० ते ६० मिली लागले. म्हणजे दोन मोठे चमचे पाणीही आतल्या स्नायूला पुरते. दुखण्याचीही गरज नसते.

या लगामाला रुग्णाची इच्छाशक्ती पुरी पडत नाही. 'जोर लावा, जोर लावा' म्हटल्याने जोर लागतो, पण तो वाट सापडेल तिकडे जातो : ढुंगणाचा स्नायू, मागची हॅमस्ट्रिंग, पोट. टाच गादीत दाबून गुडघा खाली गेला की बघणाऱ्याला वाटते व्यायाम झाला. घरी पाच आठवडे हेच झाले होते. ज्या हॅमस्ट्रिंगमधून ग्राफ्ट काढला तिलाच तो रोज ताण देत होता, म्हणून मांडीच्या मागे गोळे येत होते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, नुसता व्यायाम नीट शिकवून घरी पाठवणे. सगळ्यात स्वस्त, आणि बऱ्याच रुग्णांना तेवढेच पुरते. पण पाच आठवडे चुकीचे वळण पडलेल्या माणसाला बरोबर आवळणे म्हणजे काय हे कळायलाच काही खूण लागते.

दुसरा, विद्युत उत्तेजन. शस्त्रक्रियेनंतर क्वाड्रिसेप्सची ताकद परत आणण्यासाठी याचा पुरावा बायोफीडबॅकपेक्षा (स्नायू किती काम करतो ते रुग्णाला तत्काळ दाखवण्यापेक्षा) भक्कम आहे. पण उपयोग व्हायचा तर करंट चांगलाच वाढवावा लागतो, स्नायू दगडासारखा आवळला गेला पाहिजे. पहिल्या प्रयत्नात रुग्णाने मुंग्या येताच हात झटकला. गुदगुल्या करणाऱ्या पातळीवर वीस मिनिटे मशीन लावून ठेवणे हा आपल्याकडच्या अनेक केंद्रांतला रिवाज आहे. त्याने वेळ जातो, स्नायू जागा होत नाही.

तिसरा, पृष्ठभागावरचे ईएमजी बायोफीडबॅक. त्वचेवर इलेक्ट्रोड लावून स्नायूतली विद्युत हालचाल मायक्रोव्होल्टमध्ये पकडायची आणि ती पडद्यावर वा आवाजाने रुग्णाला तत्काळ दाखवायची. मशीन स्नायूला काही देत नाही, तो काय करतो आहे एवढे सांगते. केंद्रात दोन चॅनेलचे, बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र होते. पावसाळ्यात दुपारी दोन-दोन तास वीज जाणाऱ्या गावात बॅटरी ही चैन नाही.

चौथा, ताबडतोब शल्यचिकित्सकाकडे परत पाठवणे. पाचव्या आठवड्यात ६ अंश कमी सरळ होणारा गुडघा दुर्लक्ष करण्यासारखा नसतो. ग्राफ्टच्या पुढे तंतूंची गाठ, म्हणजे सायक्लॉप्स, तयार झाली असेल तर कितीही व्यायामाने तो सरळ होत नाही. पण उशीची हकिगत कळल्यावर आणि हाताने दाबताना शेवटी लागणारा अडथळा रबरासारखा, थोडा सुटणारा वाटल्यावर तीन आठवडे प्रयत्न करायचे ठरले. मर्यादा केस पेपरवरच लिहिली : आठव्या आठवड्यापर्यंत कमतरता २ अंशांच्या आत आली नाही तर रवानगी. शल्यचिकित्सकांना फोनवर कल्पना दिली.

एकंदरीत क्रम असा ठरला : आधी सूज आणि सरळपणा, त्यासोबत बायोफीडबॅक, आणि स्नायू हुकूम ऐकू लागला की उत्तेजनाचा पुन्हा प्रयत्न.

मशीन लावताना

व्हास्टस मेडिॲलिससाठी वाटीच्या वरच्या-आतल्या कोपऱ्यापासून ४ सेंमी वर आणि ३ सेंमी आत. इलेक्ट्रोडची जोडी सरळ उभी न ठेवता स्नायूच्या धाग्यांच्या दिशेने तिरपी, मांडीच्या रेषेशी साधारण ५५ अंशांत. दोन इलेक्ट्रोडच्या मध्यांत २० मिमी अंतर. बाजारात सहज मिळणारे ईसीजीचे गोल स्टिकर मोठे असतात आणि शेजारी शेजारी लावले तरी अंतर ३५-४० मिमी होते. कडेचा फोम कात्रीने कापून ते जवळ आणले. अंतर वाढले की शेजारच्या स्नायूंचा आवाजही त्यात मिसळतो. दुसरे चॅनेल मांडीच्या मागे, बाहेरच्या हॅमस्ट्रिंगच्या मध्यावर. हे सहसा कुणी लावत नाही, पण या प्रकरणात सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. संदर्भ इलेक्ट्रोड नडगीच्या वरच्या हाडावर.

त्वचेची तयारी दोन मिनिटांचे काम आहे आणि तेच टाळले जाते. केस काढायचे, स्पिरिटने त्वचा किंचित लालसर होईपर्यंत पुसायची, पूर्ण सुकू द्यायची. व्यायामाआधी गुडघ्यावर बर्फ लावला होता, त्यामुळे मांडीपर्यंत ओल उतरलेली होती. टॉवेलने पुसून पाच मिनिटे थांबावे लागले. बर्फ सांध्यावरच लावायचा, स्नायूवर नाही. सांध्यावर वीस मिनिटे बर्फ दिल्याने लगाम काही वेळ सैल होतो आणि त्या वेळेत व्यायाम करून घेता येतो. स्नायूच गार झाला तर सिग्नल बदलतो.

पहिल्याच दिवशी पाय सैल सोडलेला असताना पडद्यावर १८ मायक्रोव्होल्ट दिसले. सैल स्नायूला २ ते ४ च्या आसपास यायला हवेत. रुग्ण ताणून बसला आहे असे समजून 'सैल सोडा भाऊ' म्हणण्यात दहा मिनिटे गेली. दोष त्याचा नव्हता. संदर्भ इलेक्ट्रोडची जेल उघड्या पाकिटात सुकली होती आणि वायर मोबाइल चार्जर लावलेल्या एक्स्टेंशन बोर्डावरून गेली होती, म्हणजे ५० हर्ट्झची घरगुती वीज आत शिरत होती. नवा स्टिकर, वायर बाजूला, चार्जर काढला. आकडा ३ वर आला. आकड्यांत गोंधळ दिसला की रुग्णाला टोकण्याआधी स्टिकर, वायर आणि बोर्ड पाहावेत.

पहिले खरे आकडे

डाव्या, चांगल्या पायापासून सुरुवात केली. पाच सेकंद पूर्ण जोराने आवळणे, तीन वेळा, मध्ये पुरेशी विश्रांती. सरासरी २१२. उजव्या पायाची सरासरी ८६. म्हणजे डाव्याच्या ४१ टक्के.

हॅमस्ट्रिंगच्या चॅनेलने खरी गोष्ट सांगितली. डाव्या बाजूला मांडी आवळताना मागचा स्नायू १५ वर होता, उजव्या बाजूला ६० वर. पडद्यावर दोन रेषा शेजारी पाहिल्यावर रुग्णाला कळले की आपण गुडघा खाली दाबतो आहोत, वाटी वर ओढत नाही आहोत. सूचना बदलली. 'गुडघा दाबा' हे वाक्यच बंद. त्याऐवजी पाठ टेकून बसायचे, गुडघ्याखाली छोटी टॉवेलची गुंडाळी, टाचेखाली वर्तमानपत्राची पट्टी. 'वाटी मांडीकडे ओढा, टाच हलकी करा.' मागचा स्नायू दाबत असेल तर टाचेखालची पट्टी ओढून निघत नाही. पुढचा काम करत असेल तर टाच उचलली जाते आणि पट्टी सहज निसटते. मागची रेषा ६० वरून २२ वर यायला तीनच प्रयत्न लागले. पुढची रेषा लगेच वर गेली नाही. तशी अपेक्षाही नव्हती.

मशीनचा उंबरठा त्या दिवशीच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे ६५ मायक्रोव्होल्टवर ठेवला. रेषा त्यापलीकडे गेली की मशीन वाजते. सहा सेकंद आवळणे, बारा सेकंद सोडणे. दहाचे तीन फेरे. दहापैकी आठ वेळा आवाज आला की उंबरठा १० टक्के वर, पाचपेक्षा कमी वेळा आला तर खाली. सुरुवातीला उंबरठा फार उंच ठेवण्याचा मोह असतो. मशीन वाजत नाही, रुग्ण श्वास रोखतो, पुन्हा ढुंगण उचलतो आणि जुनीच चूक पक्की होते.

घरच्यासाठी मशीन दिले नाही. यंत्र एकच, स्टिकरची जागा चुकणार, आणि चुकीच्या जागी वाजणारे मशीन न वाजणाऱ्या मशीनपेक्षा वाईट. त्याऐवजी बोटे. वाटीच्या वर आतल्या बाजूला दोन बोटे ठेवून स्नायू टणक होतो का पाहणे, कागदाची पट्टी, आणि मोबाइलचा सेल्फी कॅमेरा वाटीवर धरून ती वर सरकते का बघणे. दिवसातून पाच वेळा दहा-दहा. आईला सांगितले, 'काकू, गुडघ्याखालची उशी आजपासून टाचेखाली.' टाचेखाली टेकू देऊन दहा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा.

आकडा दुप्पट झाला तो दिवस

तिसऱ्या भेटीत उजव्या पायाची सरासरी १६८ आली. दहा दिवसांत ८६ वरून १६८. रुग्ण खूश, केंद्रातले सगळे खूश. उंबरठा वाढवून वजन बांधून पाय उचलायला सुरुवात करावी असा विचारही झाला.

लॅग मोजला तर १३ अंश. आधी १४ होता.

इथे थांबणे हा या प्रकरणातला महत्त्वाचा निर्णय होता. स्नायू खरोखर दुप्पट चालला असता तर गुडघा एवढा लटकला नसता. मग डाव्या पायाची तयारीही तितक्याच काटेकोरपणे केली आणि मोजले. डाव्याची सरासरी ३१८ भरली. पहिल्या दिवशीच्या २१२ च्या दीडपट, आणि त्या पायाला तर काही झालेलेच नव्हते. पहिल्या दिवशी त्वचा ओलसर आणि केसाळ होती, इलेक्ट्रोड सेंमीभर बाजूला होते. तिसऱ्या दिवशी तयारी चांगली झाली म्हणून दोन्ही पायांचे आकडे वाढले. १६८ भागिले ३१८ म्हणजे ५३ टक्के. खरी सुधारणा ४१ वरून ५३. वाईट नाही, पण दुप्पट मुळीच नाही.

कालचा मायक्रोव्होल्ट आजच्या मायक्रोव्होल्टशी थेट जुळवता येत नाही. घाम, केस, चरबीचा थर, इलेक्ट्रोडची जागा आणि दिशा, सगळ्यांनी तो बदलतो. तुलना करायची तर त्याच दिवशी, तशाच तयारीने, दुसऱ्या पायाशी. त्या दिवसापासून केस पेपरवर मायक्रोव्होल्ट लिहिणे बंद केले, टक्केच लिहिले. जागेसाठी मार्करच्या खुणा केल्या होत्या, त्या पावसाच्या दिवसांत दोन आंघोळींत धुतल्या गेल्या. शेवटी मांडीवरच्या एका तिळापासूनचे अंतर लिहून ठेवले.

फवारणी

सातव्या आठवड्यात तो सुजलेला गुडघा घेऊन आला. पाणी पुन्हा २+, मधे ते १+ वर उतरले होते. प्रमाण ५३ वरून ४४ टक्के. आधी वाटले मशीन पुन्हा फसवते आहे, पण तयारी चोख होती. चौकशीत कळले की आदल्या दोन दिवसांत पऱ्हाटीवर फवारणी केली होती. पाठीवर १६ लिटरचा पंप, भरला की वीस किलोच्या पुढे, चिखलातून तासाभरात चार खेपा. मजूर मिळाला नाही, कीड थांबत नाही. याला बेफिकिरी म्हणणे सोपे आहे, पण ऑगस्टमधल्या कापसाच्या शेतात दुसरा मार्ग काय होता हे पाहूनच सल्ला द्यावा लागतो.

दोन पर्याय होते : ठरलेला व्यायाम रेटणे, किंवा मागे येणे. मागे आले. त्या दिवशी उंबरठा वाढवला नाही, उलट खाली घेतला. आधी ताप आणि लाली पुन्हा पाहिली. पाच दिवस शेत बंद, चालणे घरापुरते, क्रेप बँडेज, पाय उंच, बर्फ दिवसातून चार वेळा. बर्फ गावात दुकानातल्या फ्रीजमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या पिशव्यांचा, कुटून ओल्या फडक्यात. पाणी आठवड्यात १+ वर आले नसते तर त्याला शल्यचिकित्सकाकडे पाठवायचे ठरले होते. सहाव्या दिवशी आले. फवारणी भावाने दुसऱ्या माणसाकडून करून घेतली.

या निमित्ताने एक नियम पक्का झाला : व्यायामानंतर किंवा कामानंतर दुसऱ्या दिवशी पाणी एका पायरीने वाढलेले दिसले तर भार तिथेच थांबवायचा, ते उतरेपर्यंत. पाणी कसे पाहायचे हे रुग्णाला आणि आईला शिकवले. दोघांनाही दुसऱ्या दिवशीच जमले. हे पहिल्या भेटीतच शिकवायला हवे होते.

मशीनवरून उतरवणे

आठव्या आठवड्यात हाताने सरळ करताना २ अंशांची कमतरता उरली होती, म्हणजे ठरवलेल्या मर्यादेच्या अगदी काठावर. शेवटचा अडथळा अजून रबरी होता आणि दर आठवड्याला फरक पडत होता, म्हणून रवानगी दोन आठवडे पुढे ढकलली. दहाव्या आठवड्यात गुडघा पूर्ण सरळ झाला. हा निर्णय बरोबर ठरला म्हणून तो योग्यच होता असे नाही. अडथळा कडक लागला असता तर हाच उशीर नडला असता.

विद्युत उत्तेजन आठव्या आठवड्यात पुन्हा सुरू केले. मांडी आवळण्याची ओळख झाल्यावर रुग्णाने करंट सहन केला. दहा सेकंद चालू, पन्नास सेकंद बंद, दहा वेळा, आणि करंट चालू असताना स्वतःही आवळायचे. त्यावेळी ईएमजीच्या वायरी काढून ठेवायच्या. उत्तेजनाचा झटका ईएमजीमध्ये शिरला तर आकडे खोटे येतात आणि यंत्राला इजाही होऊ शकते.

मशीनची सवय लागण्याचा धोका मात्र दिसू लागला. आवाज चालू असताना आवळणे छान, बंद केला की ढिले. म्हणून अंदाजाचा खेळ सुरू केला. रुग्णाने डोळे मिटून आवळायचे, दहापैकी किती गुण द्याल ते सांगायचे, मग पडदा पाहायचा. सुरुवातीला तो ८ म्हणायचा आणि पडद्यावर निम्मे असायचे. दोन आठवड्यांत अंदाज जुळू लागला. नंतर तीनपैकी एकाच फेऱ्याला आवाज ठेवला, आणि अकराव्या आठवड्यात मशीन पेटीत गेले. लॅग सातव्या आठवड्यात ११ होता, आठव्यात ६, दहाव्यात शून्य. पोळ्याला बैलांमागे तो कुबडीशिवाय, ब्रेसशिवाय चालला, पण मिरवणुकीत पळायचे नाही असे बजावूनच.

किलो आणि मायक्रोव्होल्ट

बाराव्या आठवड्यात ईएमजीचे प्रमाण ८२ टक्के होते. एवढ्यावर फाइल बंद करता आली असती. पण ईएमजी सांगते स्नायूला हुकूम किती पोहोचतो. त्याचे वजनात रूपांतर किती होते हे ती सांगत नाही. वाळलेला स्नायू पूर्ण जागा असला तरी बारीकच असतो.

ताकद मोजायचे यंत्र केंद्रात नव्हते. रुग्णानेच घरून कापूस मोजायचा लटकता डिजिटल काटा आणला. वेचणी सुरू व्हायची होती, काटा रिकामाच होता. जड टेबलावर बसवून गुडघा ९० अंशांत, घोट्याच्या वर रुंद पट्टा, पट्ट्यापासून काट्यापर्यंत साखळी, काट्याचे दुसरे टोक टेबलाच्या मागच्या पायाला. साखळी जमिनीला समांतर आणि पायाशी काटकोनात हवी, नाहीतर आकडा कमी येतो. पट्टा दोन्ही पायांना घोट्यापासून सारख्याच अंतरावर. दोन हलके सराव, मग पाच सेकंदांचे तीन पूर्ण प्रयत्न, सर्वांत मोठा आकडा घ्यायचा. ९० अंशांत स्थिर जोर लावताना ग्राफ्टवर ताण फारसा येत नाही. शेवटच्या ४० अंशांत वजन लावून पाय सरळ करण्याची गोष्ट वेगळी, ते या टप्प्यावर टाळले होते.

डावा पाय ४१ किलो, उजवा २४. म्हणजे ५९ टक्के. ८२ आणि ५९ यांच्यामधली दरी पाहून इथून पुढचे काम बायोफीडबॅकचे नाही हे रुग्णाला सांगायला वेगळे शब्द लागले नाहीत. पुढे पायरी चढणे-उतरणे, एका पायावर खुर्चीतून उठणे, वाळूच्या पिशवीसह स्क्वाट, आठवड्यातून तीनदा, आठ ते बारा वेळा करता येईल इतक्या वजनाने. वजनासाठी खताची रिकामी पोती, मोजून भरलेली.

परिणाम

सहाव्या महिन्यात, डिसेंबरअखेर, काट्यावर डावा ४२, उजवा ३३. म्हणजे ७९ टक्के. गुडघा कोरडा, दुखणे नाही, चालणे सरळ. नेमके तेव्हाच कबड्डीचे दिवस आले. जानेवारीत शेजारच्या गावात स्पर्धा होती, मंडळाचे लोक घरी येऊन बसले. 'एकच चढाई कर गा, बाकी आम्ही पाहून घेतो.'

अमेरिका-नॉर्वेतल्या संशोधकांच्या डेलावेअर-ऑस्लो गटाच्या २०१६ मधल्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितका पुढे ढकलला तितका पुन्हा इजा होण्याचा दर दर महिन्याला सुमारे निम्म्याने घटलेला दिसला होता. हे त्याला आकड्यांत सांगितले, काट्याचा आकडाही दाखवला. तो स्पर्धेला गेला, गुण लिहायला बसला.

नवव्या महिन्यात काट्यावर ४३ आणि ३९. म्हणजे ९१ टक्के. पण एका पायावर उडी मारून गाठलेले अंतर ८४ टक्केच, आणि उजव्या पायावर उतरताना गुडघा आत झुकत होता. ताकदीचा आकडा पुरला म्हणून परवानगी दिली नाही. अकराव्या महिन्यात उडी ९२ टक्के, उतरणे नीट. शल्यचिकित्सकांच्या तपासणीनंतर सरावाला परवानगी, आधी बचावात, चढाई नंतर.

वेगळे काय करता आले असते

जानेवारी ते जून हे पाच महिने हातचे गेले. शस्त्रक्रियेआधी गुडघा पूर्ण सरळ आणि सूज उतरलेली असती, मांडी आवळायची ओळख असती, तर पाचव्या आठवड्यातली निम्मी लढाई झालीच नसती. त्या काळात एकदा जरी मशीन लावले असते तर 'बरोबर आवळणे' म्हणजे काय हे त्याला शस्त्रक्रियेपूर्वीच माहीत असते.

पहिल्या दिवशी दोन्ही पायांची तयारी काटेकोर न करण्याची चूक नंतर दुरुस्त झाली, पण आकडा दुप्पट झाल्याचा भ्रम तिने दिला. वजन त्याच दिवशी बांधले असते तर लॅग घेऊनच पाय उचलण्याची सवय लागली असती आणि सूज लवकर परतली असती.

हंगामाचा विचार उपचाराच्या आराखड्यात पहिल्या दिवशी नव्हता. पेरणी झाली, आता फवारणी येणार, हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होते. 'ऑगस्टमध्ये फवारणी कोण करणार?' हा प्रश्न वेळेत विचारला असता तर सातवा आठवडा वाया गेला नसता. आता केंद्राच्या तपासणीच्या फॉर्ममध्ये 'पुढच्या तीन महिन्यांत शेतात कोणते काम, ते कोण करणार' असा रकाना आहे. तो सूज आणि लॅगच्या रकान्यांच्या वर आहे.

काटा बाराव्या आठवड्याऐवजी नवव्या-दहाव्या आठवड्यातच वापरता आला असता. पूर्ण जोर नाही, निम्म्या जोराने, शल्यचिकित्सकांना विचारून. पण तो घरी खुंटीला टांगलेला होता, आणि तो मापनयंत्र होऊ शकतो हे केंद्रात तोवर कुणाला सुचलेले नव्हते.